जळत्या साक्षीदाराची सावली

३ सप्टेंबर

ती. काकांना साष्टांग नमस्कार.

मी तुमच्या थोरल्या भावाची मुलगी. तुम्ही मला शेवटचं पाहिलंत तेव्हा मला दात नव्हते, म्हणून ही ओळख. फोनच करणार होते, पण आई म्हणाली, तुम्हाला फोनवर नीट ऐकू येत नाही आणि जे ऐकू येत नाही ते तुम्ही आपल्या मनाने भरता. म्हणून पत्र.

मला इथल्या संग्रहालयाच्या चित्रविभागात काम मिळालं आहे. कायमचं नाही, तात्पुरतं. चित्रांखाली माहितीची पाटी असते ना, ती लिहायची आणि खाली आपली सही करायची, म्हणजे चूक निघाली तर कोणाला धरायचं ते कळतं. आमच्या संचालकबाईंनी हिवाळ्यात तुमच्या मुखपृष्ठांचं प्रदर्शन भरवायचं ठरवलं आहे. ज्या रहस्यकथा लोक प्रवासात वाचून बाकावर टाकून जायचे, त्यांची फाटकी मुखपृष्ठं आता काचेत लावतात. तुम्हाला हे माहीत असेलच.

अडचण अशी की आमच्याकडे नुसती छापील पुस्तकं आहेत, मूळ चित्र एकही नाही. बाईंचं म्हणणं, निदान ‘जळता साक्षीदार’चं मूळ चित्र मिळालं तर प्रदर्शन, नाहीतर राहू दे. हिरव्या झग्यातली बाई जिन्यात उभी आहे, एका हातात सुरा, दुसऱ्या हातात दिवा, ते चित्र. दिवा उजवीकडे आहे आणि सावलीही उजवीकडच्याच भिंतीवर पडली आहे, जे होऊ शकत नाही. अभ्यासक म्हणतात की ती त्या बाईची सावली नाहीच, चित्रात न दिसणाऱ्या खुन्याची आहे. एकाने त्यावर अख्खं पुस्तक लिहिलं आहे. मलाही पाटीवर तसं लिहायचं आहे, पण तुम्हाला विचारल्याशिवाय लिहिणं बरं वाटत नाही. हे खरं आहे का?

आणि मूळ चित्र कुठे आहे? बाबांना विचारलं. ते म्हणाले, "कोण काका?" आणि पेन्सिलींना टोक करायला बसले. घरातल्या सगळ्या पेन्सिली टोकदार झाल्या तरी ते थांबेनात, म्हणून मी विषय सोडला.

प्रश्न जास्त झाले असतील तर क्षमा करा. कमी पडले असतील तर कळवा.

तुमची पुतणी


१२ सप्टेंबर

प्रिय पट्टी,

हे तुझं नाव. पत्राच्या कागदावर पेन्सिलीने समास आखून नंतर तो खोडणारी मुलगी मी पहिल्यांदा पाहिली. खोडलेला समाससुद्धा सरळ आहे. दादाचीच तू, शंका नाही. आणि मला तीर्थरूप म्हणू नकोस, मी नेमाने आंघोळही करत नाही.

माझं काम काचेत लावतात हे वाचून आरशात बघून आलो. काही फरक पडलेला नाही.

आम्ही कसं काम करायचो ते ऐक. सकाळी मालक यायचा, म्हणजे आमचा प्रकाशक. तो पुस्तकाचं नाव सांगायचा आणि रंग. "‘विषारी लग्न’. पिवळा. बाई हवी." पुस्तक कुठे आहे विचारलं तर म्हणायचा, "लेखक तुमच्या चित्राची वाट बघत बसलाय." खरंच बसलेला असायचा. मी आधी चित्र काढायचो आणि ते बघून तो गोष्ट लिहायचा. एकदा कंटाळून मी कोपऱ्यात पोपट काढला. त्या बिचाऱ्याला शेवटच्या प्रकरणात खून पोपटाच्या गळ्यात बांधावा लागला. पुस्तक तुफान खपलं. मग सहा महिने मालक दर वेळी विचारायचा, "पोपट टाकणार का?"

चित्रासाठी उभं राहायला घरचीच माणसं. माझ्या सगळ्या खुनी बायका म्हणजे तुझी आई. हातात सुरा म्हणून मी तिला उलथनं द्यायचो. ती म्हणायची, "भाऊजी, आटपा. मला याच उलथन्याने खून सोडून इतरही कामं आहेत." आणि माझी सगळी प्रेतं म्हणजे दादा. असं प्रेत पुन्हा होणं नाही. जमिनीवर पडला की श्वाससुद्धा मोजून घ्यायचा. फक्त मिटल्या डोळ्यांनी सांगायचा, "माझा डावा पाय लांब काढलायस तू." न बघता. आणि काढलेला असायचा.

मूळ चित्रांचं म्हणशील तर मालकाचं छप्पर गळायचं, तिथे त्याने ती खालून ठोकली. माझ्या निम्म्या सुंदऱ्या पाण्यात विरघळून त्याच्या टेबलावर पडल्या. ‘जळता साक्षीदार’ तेवढं वाचलं, कारण ते मी तुझ्या आईला दिलं होतं. तिलाच विचार. दादाला विचारू नकोस. आमचं बोलणं त्याच चित्रावरून बंद पडलं. मालकासमोर त्याने मला सांगितलं की सावली चुकली. मी म्हटलं, "दादा, तुझ्या चित्रांत सावली बरोबर असते, माणूस नसतो." पुढे दोघांनाही याहून चांगलं वाक्य सुचलं नाही, म्हणून गप्प राहिलो ते राहिलोच.

तो न दिसणारा खुनी मला फार आवडला. बिनधास्त लिही.

काका


२८ सप्टेंबर

प्रिय काका,

चित्र सापडलं.

आईला विचारलं तर ती म्हणाली, "हात्तिच्या, एवढंच ना," आणि तिने तिच्या पलंगावरची गादी उचलली. चित्र जाड फळीवर आहे आणि फळी पाठीला चांगली, म्हणून ती मला दात येण्याआधीपासून त्यावर झोपते आहे. चित्राची बाजू खाली होती आणि जुन्या चादरीत नीट गुंडाळलेली होती. बाबा दारात उभे होते. म्हणाले, "असू दे तिथेच. तुझ्या आईची पाठ धरेल." आई म्हणाली, "माझ्या पाठीची आठवण आज बरी झाली." बाबा चपला न घालताच फिरायला गेले आणि कोपऱ्यावरून परत आले.

संचालकबाई चित्र बघून खुर्चीत बसल्या. निमंत्रणपत्रिका छापायला गेल्या आहेत, वर तुमचं छापील मुखपृष्ठ आहे. आता मी ‘मूळ चित्र, कोणताही फेरफार नाही’ असं लिहून सही केली की झालं.

आणि काका, मला एक शोध लागला आहे. बाईंच्या अजून लक्षात आलेलं नाही, तुम्हाला तो सर्वांत आधी सांगते. मूळ चित्रात सावली चुकलेली नाही. दिवा उजवीकडे आहे आणि सावली डावीकडच्या भिंतीवर, जिथे पडायला हवी तिथेच, अगदी सुरेख पडली आहे. उजवीकडची भिंत मोकळी आहे. म्हणजे चूक तुमची नव्हतीच. छापखान्यात ठसा बनवताना कोणीतरी सावली इकडची तिकडे केली आणि इतकी वर्षं दोष तुमच्या माथी आला. खुन्याचा सिद्धान्त मोडतो त्याचं वाईट वाटतं, पण तुमच्यावरचा आरोप पुसला गेला याचा आनंद जास्त आहे. बाबांनाही हे सांगायचं आहे, म्हणजे तुमच्यातलं भांडणच उरणार नाही. पण आधी तुमचं उत्तर येऊ दे.

पाटीचा मसुदा सोबत जोडते. स्वल्पविराम जास्त वाटले तर काढा.

तुमची पट्टी


५ ऑक्टोबर

पट्टी,

मसुदा फाडून टाक. छापखान्याने काही केलेलं नाही. ते बिचारे एवढे हुशार नव्हते.

मी ती बाई काढली तेव्हा पुस्तकाचं नाव ‘मुका साक्षीदार’ होतं. उजेड डावीकडच्या खिडकीतून, म्हणून सावली उजवीकडे. चोख. दादाने तेव्हा बघितलं असतं तर काही बोलायला त्याला जागा सापडली नसती. चित्र वाळतंय तोवर मालक धावत आला. नाव बदललं, ‘जळता साक्षीदार’, छपाई दुपारी, काहीतरी जळतं दाखवा. मी म्हटलं, साक्षीदारच पेटवू का? तो म्हणाला, बाई नको, बाई खपते. मग तिच्या रिकाम्या हातात दिवा दिला. रिकामा हात उजवीकडे होता म्हणून दिवा उजवीकडे. खिडकी काळी केली. सावली हलवायला वेळ नव्हता. झाली सगळी कला. न दिसणारा खुनी म्हणजे छपाईची घाई.

तेव्हा माझ्या चित्रात सावली डावीकडे असूच शकत नाही. ती कोणीतरी हलवली आहे. तिची कड बघ. कुठे जाड नाही, कुठे बारीक नाही, हात घसरलेला नाही. अशी सावली काढणारा या जगात एकच माणूस आहे आणि तो रोज जेवताना तुझ्यासमोर बसतो. ड्रॉइंग मास्तरने माझं चित्र तपासून दुरुस्त करून ठेवलं. शेरा दिला नाही हे नशीब.

आता करायचं ते सांगतो. ती सावली होती तशी चुकीची करून टाक. मी आलो असतो, पण डोळ्यांत मोतीबिंदू आहे, मला लांबून बाई आणि कपाट सारखंच दिसतं. तुझा हात दादाने घडवलाय हे खरं, पण निदान घरचा आहे. नुसता काळा घेऊ नकोस, काळ्यात थोडा निळा घाल, कड अंगठ्याने पुसट कर. डावीकडची बुजव, उजवीकडे काढ, पाटीवर सही कर आणि गप्प बस. दिव्याचं कोणाला सांगू नकोस. माझं नाव त्या सावलीवर उभं आहे. आयुष्यभर पोपट आणि बायका काढल्या, त्यात लोकांना डोकं दिसलं ते एवढ्याच ठिकाणी. म्हातारपणी ते काढून घेऊ नकोस.

काका


२६ ऑक्टोबर

प्रिय काका,

उत्तराला उशीर झाला, कारण मी प्रयत्न करत होते.

मूळ चित्राला हात लावला नाही. आधी कागदावर सराव केला. काळ्यात निळा घातला. दिवा उजवीकडे काढला, बाई काढली आणि सावली उजवीकडे सुरू केली. ती थोडी पुढे जाते आणि मग माझा हात तिला आपोआप डावीकडे घेऊन येतो. कागद उलटा धरून काढून पाहिलं. डोळे मिटून काढून पाहिलं, तेव्हा तर फारच बरोबर आली. लहानपणी बाबा माझ्यासमोर चेंडू आणि मेणबत्ती ठेवायचे आणि सावली चुकली की काही न बोलता मेणबत्ती हलवायचे. ते माझ्या हातात इतकं मुरलं आहे की मला ठरवूनही चुकता येत नाही. हे मी कौतुक म्हणून सांगत नाही, मला त्याची काळजी वाटते.

शेवटी जेवताना बाबांना विचारलं. तुम्ही गप्प बस म्हणाला होतात, पण ते दिव्याबद्दल होतं असा मी अर्थ घेतला. चुकला असेल तर सांगा.

मी म्हटलं, "बाबा, त्या चित्रातली सावली तुम्ही बदललीत का?"

"हो," बाबा म्हणाले. "मीठ दे."

"पण का?"

"चुकली होती."

"पण ते काकांचं चित्र आहे."

"चूक कोणाचीही असो. रोज रात्री माझ्या शेजारी गादीखाली चुकीची सावली. मला झोप लागत नव्हती."

आई म्हणाली, "मी तर तिच्यावरच झोपत होते. मला छान लागत होती."

"तुझा प्रश्न वेगळा आहे."

"माझा कसा वेगळा? सावली माझी. ती कुठे पडावी यावरून दोघं भाऊ बोलेनासे झालात, मला कोणी विचारलंय का?"

बाबांनी जेवण संपवलं, हात धुतले आणि मग उभ्या उभ्या एक गोष्ट सांगितली, ती तुम्हाला कळायला हवी. त्यांनी तुमच्या रंगावर रंग लावलेला नाही. ते मुलांची चित्रं तपासतात तेव्हा मुलाच्या कागदावर कधीच रेघ मारत नाहीत. वर पातळ कागद ठेवतात आणि दुरुस्ती त्यावर करतात, म्हणजे मुलाचं मुलाकडे राहतं. तुमच्या चित्रावर त्यांनी आधी वॉर्निशचा थर दिला, तो पूर्ण वाळू दिला, वर साबणाचं बोट फिरवलं, म्हणजे पाण्याचा रंग धरतो, आणि मग उजवीकडे भिंतीचा रंग, डावीकडे नवी सावली. ओल्या कापसाने पुसलं तर त्यांचं सगळं निघेल आणि तुमचं जसंच्या तसं खाली आहे.

मी म्हटलं, मग पुसूया. ते म्हणाले, "चूक उघडी करायची असेल तर ज्याची त्याने यावं आणि चूक आहे म्हणावं."

काका, बाई रोज सही मागतात. आत्ता सही केली तर खोटी होते. बाबांना न सांगता पुसून सही केली तर कागदावर खरी होते आणि घरात खोटी. सांगितलं तर बाई कदाचित प्रदर्शनच रद्द करतील, आणि तुमचं हे एकच प्रदर्शन आहे. तुम्ही या ना.

तुमची पट्टी


२ नोव्हेंबर

पट्टी,

येणार नाही.

आधी वॉर्निश लावलं? पूर्ण वाळू दिलं? मी खरं तर शिव्या लिहायला बसलो होतो, चांगल्या जमवून ठेवल्या होत्या. त्या वाया घालवल्या त्याने. तुझा बाप धड वाईटही वागत नाही, हा त्याचा सगळ्यात मोठा दोष आहे. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर त्याला रडू आलं असतं. मला नुसती सर्दी आहे.

पण चूक आहे म्हणायला मी येणार नाही. त्या चुकीवर माणसांनी पुस्तकं लिहिली आहेत, त्यांचा तरी विचार करा.

ओला कापूस घे, तो फिरायला गेला की पूस, सही कर. इतकं सोपं आहे. तुला अवघड वाटतंय, कारण तुला सोप्या गोष्टी शिकवल्याच नाहीत कोणी.

काका


१५ नोव्हेंबर

चि. धाकट्यास आशीर्वाद. (हा सवयीने लिहिला. लिहिलाच आहे तर राहू दे.)

हे पत्र भांडण मिटवायला नाही. माहिती देण्यासाठी आहे.

तुझी पुतणी सोमवारी संचालकबाईंकडे गेली आणि चित्रावर मी केलेली दुरुस्ती सांगून आली. जाण्यापूर्वी मला विचारलं. मी म्हटलं, सांग, बरोबर केलेलं लपवायचं कशाला. तुझ्या बाजूचं काहीतरी अजून आहे, ते तुझं आहे आणि तुला विचारल्याशिवाय सांगणार नाही, असं ती म्हणाली. आम्हालाही सांगितलेलं नाही. तुझी वहिनी तिला दोन दिवस खोदून विचारत होती. निघालं नाही.

बाई फार चिडल्या. निमंत्रणपत्रिकेवर एक चित्र आणि भिंतीवर दुसरं, लोक हसतील म्हणाल्या. पोरगी उभी राहून ऐकत होती. मग ती म्हणाली, "दुसऱ्या कोणाची सही घ्या, मी अडवणार नाही. पण मी लिहीन ते खरंच लिहीन." हे मला बाईंनीच नंतर सांगितलं. तक्रार म्हणून सांगितलं.

त्यानंतर ती जेवेना. म्हणून मी स्वतः संग्रहालयात गेलो, तुझी वहिनीही बरोबर आली. तुझ्यासाठी नाही, हे लक्षात घे. कापूस मीच नेला होता, तिथला खरखरीत असतो. सगळ्यांसमोर मी उजवीकडची भिंत पुसली. तुझी सावली निघाली. वॉर्निशला कुठे तडा नाही. रंग तुझ्या लायकीपेक्षा चांगला टिकला आहे.

मग डावीकडची, म्हणजे माझी, पुसायला गेलो. हात लावला आणि थांबलो. बाई म्हणाल्या, पुसा ना. मी म्हटलं, ती बरोबर आहे. बरोबर असलेली गोष्ट मी आयुष्यात पुसलेली नाही. त्या म्हणाल्या, मग आता याला काय म्हणायचं? कारण चित्रात आता दोन सावल्या आहेत, एक तुझी, एक माझी. तेव्हा तुझी वहिनी म्हणाली, "एवढी वर्षं या दोन भावांच्या मधे काढली मी. दोनवर भागलं हेच खूप."

बाईंनी पोरीला कामावरून काढलं नाही. चित्र मात्र मोठ्या भिंतीवरून काढून स्वच्छतागृहाकडे जाणाऱ्या बोळात टाकलं. बाकी ती कळवेल.

तू त्या दिवशी म्हणालास, माझ्या चित्रांत माणूस नसतो. मी नंतर सगळी काढून पाहिली. नसतो. बहुतेक घागरी आहेत.

थोरला


१६ नोव्हेंबर

प्रिय काका,

बाबांनी तुम्हाला पत्र लिहिलं हे मला पाकिटाच्या आकारावरून कळलं. त्यांनी पत्ता लिहायला रेघा आखल्या होत्या.

आता एकच गोष्ट उरली आहे आणि ती तुमच्या हातात आहे. दोन सावल्या आहेत म्हटल्यावर पाटीवर दोन्हींचं लिहावं लागणार. डावीकडची कोणाची ते मी लिहिलं आहे. उजवीकडच्या सावलीपुढे नुसती तुमची एवढंच लिहिलं तर लोक खुन्याचं पुस्तक घेऊन येतील आणि माझ्या सहीखाली उभे राहून ते खरं मानतील. मला माहीत असून मी गप्प राहिले असं होईल. आणि खरं लिहिलं तर तुम्ही म्हणालात तसं तुमचं नाव ज्यावर उभं आहे ते मीच काढून घेईन.

म्हणून पाटी अशी आहे:

‘आधी खिडकी होती, तेव्हा उजवीकडची सावली बरोबर होती. नंतर घाईत दिवा आला आणि ती चुकली. डावीकडची सावली चित्रकाराच्या थोरल्या भावाने पुढे काढली. ती बरोबर आहे.’

तुम्ही नको म्हणालात तर मी हे लिहिणार नाही. पण मग खुनीही लिहिणार नाही, चित्र बोळातूनही उतरवावं लागेल, आणि त्या चित्राशिवाय प्रदर्शन नाही हे बाईंनी पहिल्या दिवशीच सांगितलं होतं. मी खूप विचार केला, मधली वाट सापडली नाही. तुमच्यावर हे टाकल्याबद्दल मला झोप येत नाही. आई म्हणते, "ये, माझी फळी गेलीय, आपण दोघी जाग्या राहू."

उद्घाटन २९ तारखेला, शुक्रवारी आहे. त्याच्या आत कळवा.

तुमची पट्टी


२४ नोव्हेंबर

दादा,

पोरीचं पत्र आलं, तुझंही आलं. तिला उत्तर लिहायला बसलो आणि वर तुझं नाव लिहिलं गेलं. राहू दे आता.

ती जे सांगत नाही म्हणून वहिनीने तिला छळलं ते आता मीच सांगतो. सावली काढली तेव्हा उजेड खिडकीतून होता आणि ती बरोबर होती. दिवा मागाहून आला. तू बघायला आलास तोवर दिवा आलेला होता. तासभर आधी आला असतास तर मला शाबासकी दिली असतीस, म्हणजे ‘ठीक’ म्हणाला असतास. हे मी त्याच दिवशी सांगू शकलो असतो. पण तू मालकासमोर बोललास, आणि खरं कारण सांगण्यापेक्षा तुला लागेल असं वाक्य मला जास्त आवडलं. वाक्य चांगलं होतं, अजूनही वाटतं. घागरींचं तू लिहिलंस ते मात्र मला नको होतं. उगीच काढून बघितल्यास.

पोरीने माझ्यापुढे चांगलाच पेच टाकला. दोन दिवस मी तिला ‘नाही’ असं कळवायच्या बेतात होतो. तिसऱ्या दिवशी म्हटलं, आधी खात्री तरी करू. दुपारी पडदे ओढून अंधार केला, दिवा लावला आणि जिन्यात जाऊन उभा राहिलो, दिवा उजव्या हातात, डाव्या हातात चमचा, सुरा समजून. शेजारीण दारातून म्हणाली, "आजोबा, वीज गेली का?" म्हटलं, नाही, थोरल्या भावाचं तपासतोय. ती म्हणाली, "मग बरोबर आलं का?" मला दिसत नाही म्हणून तिलाच विचारलं, माझी सावली कुठाय बघ. ती म्हणाली, "डावीकडे. आणखी कुठे असणार?"

तेव्हा चुकली होती. घे. एकदाच लिहितोय, आणि वहिनीला वाचून दाखवू नकोस.

पोरीला सांग, लिही म्हणावं, जसंच्या तसं. ज्याने खुन्याचं पुस्तक लिहिलंय तो येऊन रडला तर त्याला पोपटाची गोष्ट वाचायला द्या, त्यात त्याला पुष्कळ सापडेल. मला एकच दुरुस्ती हवी आहे. तिने ‘ती बरोबर आहे’ असं तुझ्या सावलीबद्दल लिहिलंय. तिथे ‘फारच’ घालायला सांग. ‘ती फारच बरोबर आहे.’

शुक्रवारी सकाळच्या गाडीने येतो. स्टेशनवर यायची गरज नाही. आलास तर पुढच्या डब्यापाशी थांब, आणि आपण होऊन हाक मार. मला लांबून माणसं ओळखू येत नाहीत.

धाकटा